गुरुजी, अभ्यासाला कधी बसता?

महाराष्ट्रातल्या खेड्यात पन्नाशीच्या माणसाला जन्मतारीख विचारा. कितीतरी जण एकच सांगतील, एक जून. बाप पोराला शाळेत घालायला आला तेव्हा तारीख त्याला ठाऊक नव्हती. हेडमास्तरांनी पोराला डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धरायला लावला. हात पोचला, आणि रजिस्टरात एक जून पडला.

त्यातली काही पोरं पुढे स्वतःच गुरुजी झाली.

आता एकाच शाळेतले असे दोन गुरुजी घ्या. एकाचा दाखला म्हणतो १ जून १९७२, दुसऱ्याचा १ जून १९७३. डी.एड. दोघांचं सारखंच, नोकरीची ऑर्डर एकाच वर्षाची, वर्ग शेजारी-शेजारी. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर पहिल्या गुरुजींना शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, द्यायची नाही. दुसऱ्यांना द्यायची आहे, आणि दोन वर्षांच्या आत पासही व्हायचं आहे.

कारण साधं आहे. पहिले ३१ मे २०३० ला निवृत्त होतात, म्हणजे निकालाच्या दिवशी त्यांची सेवा पाच वर्षांपेक्षा कमी उरली होती. दुसऱ्यांची पाच वर्षं नऊ महिने उरली होती.

जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वी एका हेडमास्तरांनी अंदाजाने जो आकडा लिहिला, त्याने ठरवलं की आज परीक्षेच्या बाकावर कोण बसणार. यात मुलांच्या शिक्षणाचा संबंध कुठे आला?

निकाल न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाचा. शिक्षणहक्क कायद्याआधी लागलेले आणि पाच वर्षांहून जास्त सेवा उरलेले शिक्षक दोन वर्षांत पात्र ठरले नाहीत, तर त्यांना नोकरी सोडावी लागेल. ज्यांची सेवा पाच वर्षांच्या आत आहे त्यांनी खुशाल निवृत्तीपर्यंत शिकवावं, पण बढती हवी असेल तर त्यांनाही परीक्षा आहेच.

न्यायालयाला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. ते मी करणार नाही. कायदा न्यायालयाने केलेला नाही. मुलाला चांगला शिक्षक मिळणं हा त्याचा हक्क आहे, हे न्यायालयाने सांगितलं आणि ते बरोबरच सांगितलं. प्रश्न पुढचा आहे.

चांगला शिक्षक व्हायला या माणसांना पंधरा वर्षांत कोणी काय शिकवलं?

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने टीईटी आणली, आणि त्याच अधिसूचनेत आधी लागलेल्यांना सवलत ठेवली. त्या सवलतीवर सगळे निवांत झोपले. शिक्षक झोपले, संघटना झोपल्या, मंत्रालय झोपलं. जाग आली ती निकालाने, आणि आता सगळे एकमेकांना विचारताहेत की गजर कोणी लावला.

परीक्षा काय आहे ते बघू. १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास. पास व्हायला ६० टक्के, म्हणजे ९० गुण. राखीव प्रवर्गाला ५५ टक्के. चुकलं तर गुण कापत नाहीत. पहिली ते पाचवीला शिकवणाऱ्याचा पहिला पेपर: बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकाला ३० गुण. सहावी ते आठवीला दुसरा पेपर. त्यात ६० गुण एक तर गणित-विज्ञानाचे, नाही तर सामाजिक शास्त्रांचे.

वीस वर्षं फक्त मराठी शिकवणाऱ्या बाईंनी यातलं काय निवडायचं? जे कमी विसरलंय ते.

प्रश्न अवघड नाहीत. पंचविशीतला उमेदवार पुण्याच्या अभ्यासिकेत सहा महिने बसतो, दिवसाला दहा तास घासतो आणि निघून जातो. पन्नाशीतल्या शिक्षकाकडे दहा तास नाहीत. दोन आहेत का, तेही तपासून बघावं लागेल.

आता खोलवरच्या प्रश्नाकडे येतो. पियाजेच्या मांडणीप्रमाणे सात ते अकरा वर्षांचं मूल कोणत्या अवस्थेत असतं, हे चार पर्यायांतून ओळखता येतं. पण दिवाळीच्या आसपास आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेलं मूल मार्च-एप्रिलमध्ये परत येतं, तेव्हा त्याचं वाचन कुठल्या पानापासून धरायचं? बीड जिल्ह्यातल्या एखाद्या गुरुजींना हे नेमकं माहीत असतं. गेल्या वीस वर्षांत दरवर्षी त्यांनी ते केलेलं असतं. त्याला एकही गुण नाही.

उलटही खरं आहे, आणि तेही बोललं पाहिजे. ज्याला पियाजे नीट कळलाय, तो गुरुजी त्या मुलापर्यंत लवकर पोचेल. मूल हाताळून शिकतं, नुसतं ऐकून नाही, हे कळलेला शिक्षक वजाबाकी फळ्यावर लिहायच्या आधी चिंचोके काढतो.

मग पियाजे समजावून सांगणारा माणूस शाळेत पाठवा. नुसती प्रश्नपत्रिका कशाला पाठवता?

आता शिक्षकांकडे वळतो. त्यांच्या बाजूने एवढं लिहिल्यावर दुसरी बाजू लपवणं हा मुलांवर अन्याय होईल. नोकरीची ऑर्डर हातात पडली त्या दिवशी ज्यांचं वाचन संपलं, असे शिक्षक प्रत्येक तालुक्यात आहेत. सहावीला गणित शिकवतात आणि अपूर्णांकांचा भागाकार आला की "हे घरी करून आणा" म्हणतात. घरी कोण करून देणार? आई शेतात, बाप साइटवर.

त्या मुलाचं नुकसान आयुष्यभराचं असतं. आणि ते मूल मोर्चा काढत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये संघटनांनी शाळा बंद ठेवून मोर्चे काढले. मागण्यांमध्ये टीईटीतून सूट होती. सूट मागण्याचा हक्क त्यांना आहे. पण एका तरी फलकावर "आम्हाला शिकवा" असं लिहिलेलं असतं, तर मी त्या मोर्च्यात चाललो असतो. शिक्षकाने शिकण्यातून सूट मागायची, हे कानाला खटकतं. वर्गातल्या पोराने तसं म्हटलं असतं तर गुरुजींनी काय केलं असतं?

आणि परीक्षा आली की पाठोपाठ दलाल येतो. २०१९-२० च्या टीईटीत काय झालं ते महाराष्ट्र विसरलेला नाही. साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांचे निकाल गैरप्रकारात अडकले, आणि परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच पोलिसांनी अटक केली. २३ नोव्हेंबर २०२५ च्या परीक्षेच्या वेळीही कोल्हापूर जिल्ह्यात पेपर देतो म्हणून पैसे मागणारी टोळी पोलिसांना पकडावी लागली.

पन्नाशीचा माणूस, घराचं कर्ज चालू, मुलीचं लग्न पुढ्यात, आणि नोकरी जाण्याची टांगती तलवार. दलालाला याहून चांगलं गिऱ्हाईक कुठे मिळणार? भीती घालून अभ्यास होत नाही, बाजार होतो. भीती घालणाऱ्यांनी याचा विचार केलाय का?

एकदा मागे वळून बघू. जिल्हा लोकल बोर्डाच्या काळात व्हर्नाक्युलर फायनल झालेला सातवी पास पोरगा शाळेवर मास्तर म्हणून लागायचा. पुढे बोर्ड त्याला ट्रेनिंग कॉलेजात पाठवायचं. "सेकंड इयर ट्रेंड" ही पदवीसारखी मिरवायची गोष्ट होती. पगार तुटपुंजा होता, शाळेचं छप्पर गळत होतं, सगळं मान्य. पण ट्रेनिंगला गेलेला मास्तर त्या काळात फक्त विद्यार्थी असायचा. वह्या तपासणं नाही, हजेरी नाही. सकाळी पाठ, दुपारी वाचन, रात्री चर्चा.

गरीब राज्याला हे परवडत होतं. श्रीमंत राज्याला परवडत नाही.

आजची तऱ्हा बघा. शिक्षकाची बारा वर्षं झाली की वरिष्ठ वेतनश्रेणी, चोवीस झाली की निवड श्रेणी. दोन्हींसाठी प्रशिक्षण सक्तीचं. कल्पना उत्तम आहे. बारा वर्षं शिकवल्यावर माणसाने थांबावं, नवं काही घ्यावं, पुन्हा वर्गात जावं. प्रत्यक्षात काय होतं? शुल्क भरा, लॉगिन करा, व्हिडिओ चालू ठेवा, चाचणीला टिकल्या लावा, प्रमाणपत्राची छपाई करा, सेवापुस्तकात नोंद घ्या. पोर्टल बंद पडलं तर पगारवाढही बंद.

विचारा कोणालाही, त्या प्रशिक्षणातली एक गोष्ट सांगा जी दुसऱ्या दिवशी वर्गात वापरली. थोडा वेळ जाईल उत्तर यायला.

केंद्र सरकारने ऑगस्ट २०१९ मध्ये 'निष्ठा' हा प्रशिक्षण कार्यक्रम आणला. उद्दिष्ट ४२ लाख शिक्षक आणि मुख्याध्यापक. नवं शैक्षणिक धोरण २०२० सालचं. त्यात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाला द्यावेत असं लिहिलंय. पन्नास तास! म्हणजे आठवड्याला एक तास. वाचताना बरं वाटतं. पण तो तास शाळेच्या वेळापत्रकात कुठे बसतो, ते धोरणाने सांगितलेलं नाही.

बसत नाही, म्हणून मोबाइलवर व्हिडिओ चालू राहतो आणि गुरुजी शेजारी बसून पोषण आहाराचा हिशेब लिहितात. दोघंही आपापलं काम करत असतात. शिकत कोणीच नसतं.

शिक्षणहक्क कायद्याचं कलम २७ वाचलंय? शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून बाकी अशैक्षणिक काम देऊ नये, असं ते म्हणतं. ज्या कायद्याच्या कलम २३ वरून शिक्षकाची पात्रता मोजली जाते, त्याच कायद्यात चार कलमं पुढे हे लिहिलेलं आहे. कलम २३ ची अंमलबजावणी करायला सर्वोच्च न्यायालय उभं राहिलं. कलम २७ च्या बाजूने कोण उभं आहे?

आधारची माहिती, यू-डायसची माहिती, शालार्थची माहिती, किती मुलांची आरोग्य तपासणी झाली त्याची माहिती, किती झाडं लावली आणि त्यातली किती जगली त्याची माहिती. खाली ठळक अक्षरात 'तात्काळ'. आणि या सगळ्यानंतर विचारायचं, गुरुजी, अभ्यास झाला का?

मला शिकणाऱ्या शिक्षकाबद्दल बोलायचं असलं की अनुताई वाघ आठवतात. जन्म १९१० चा. प्राथमिक शिक्षिका म्हणून सुरुवात. दिवसा शिकवायचं आणि रात्रशाळेत शिकायचं, असं करून त्या मॅट्रिक झाल्या. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला गेल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाड्या उभ्या केल्या. मूल शाळेत येत नाही ना? मग शाळा त्याच्या अंगणात न्या. गुरं सोडून येता येत नाही ना? मग शाळा कुरणात न्या. हे सगळं चालू असताना, पन्नाशी ओलांडल्यावर, १९६१ साली अनुताई पदवीधर झाल्या.

त्यांना कोणी मुदत दिलेली नव्हती. मुदतीने पदव्या मिळतात. कुरणशाळा मुदतीने सुचत नाही.

पण म्हणून उठसूट अनुताईंचं नाव घेऊन आजच्या शिक्षकाला हिणवू नका. त्या थोर होत्या. राज्यातल्या लाखो शिक्षकांनी थोर असावं, या अपेक्षेवर कुठली व्यवस्था चालत नाही. व्यवस्था असते ती साध्या माणसाला नीट काम करता यावं म्हणून.

आणि साधी माणसं शिकत आलीच आहेत. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ ला सुरू झालं. बारावी आणि डी.एड. करून नोकरीला लागलेले कितीतरी गुरुजी, कितीतरी बाई तिथून बी.ए. झाल्या, बी.एड. झाल्या. सुट्टीत संपर्क सत्रं, रात्री कंदिलाशी किंवा इन्व्हर्टरशी झगडत स्वाध्याय. कोणी पदवीधर शिक्षकाच्या जागेसाठी केलं, कोणी केंद्रप्रमुख व्हायचं म्हणून केलं. हेतू बढतीचा असला म्हणून अभ्यास खोटा ठरत नाही.

खोटा ठरतो तो दुसऱ्याकडून लिहून घेतलेल्या वहीने. तीही चालतेच. ती तपासणारा न वाचता सही करतो, म्हणून चालते.

माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत. नाव नको, नोकरीतल्या माणसाचं नाव छापून त्याचं भलं होत नाही. वय ४९. झेडपीची दोनशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. गावात एक बंजारा तांडा आहे, निम्मी मुलं तिकडची. मुलगी बारावीला. संध्याकाळी मायलेकींची पुस्तकं एकाच टेबलावर उघडतात, आणि मुलीचं मिटतं तेव्हा बाईंचं अर्ध्या पानावर असतं.

"गणिताची मला भीती नाही," त्या म्हणाल्या. "घड्याळाची आहे."

त्यांनी शेवटची परीक्षा दिली ती डी.एड.ची. तेव्हा उत्तरं लिहायची असत, पानंच्या पानं. गोल काळा करायची परीक्षा त्यांनी शेकडो वेळा मुलांची घेतलीय, स्वतः कधी दिलेली नाही. शिष्यवृत्तीच्या सराव उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्स आणून त्या घड्याळ लावून गोल भरत होत्या. पन्नाशीला चष्म्याचा नंबरही बदलतो. दोन गोलांमधली फट दिसत नाही, हीसुद्धा एक अडचण असते, हे परीक्षेच्या आयोजनात कुणाच्या लक्षात आलं असेल?

पण खरी गोष्ट पुढे आहे. गाइड वाचता वाचता बाई एका प्रकरणाशी थांबल्या. मूल घरून जी भाषा घेऊन येतं तिच्यावरून चालत शाळेच्या भाषेत येतं. घरची भाषा वर्गात गप्प केली की मूलही गप्प होतं, असं काहीतरी त्यात होतं. गाइडात ते चार ओळींत उरकलेलं. खाली दोन संभाव्य प्रश्न.

बाईंनी पुस्तक बाजूला ठेवलं. पंचवीस वर्षांत पहिलीच्या वर्गात तांड्यावरची मुलं दिवाळीपर्यंत तोंड उघडत नाहीत, हे त्यांनी पाहिलं होतं. लाजतात, असं त्या समजत आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी चौथीतल्या एका मुलीला पहिलीत बोलावलं आणि चित्रातली गोष्ट गोरमाटीत, तांड्याच्या बोलीत, सांगायला लावली. मग तीच मराठीत. वर्गात कालवा झाला.

मला हे सांगताना त्यांना आनंद होत होता असं तुम्हाला वाटेल. त्या चिडलेल्या होत्या.

"हे मला पंचवीस वर्षांपूर्वी का नाही कोणी सांगितलं?" त्या म्हणाल्या. "किती मुलं माझ्या हातून अशीच गप्प गेली."

या प्रश्नाचं उत्तर कोणत्या विभागाने द्यायचं? पंचवीस वर्षांत बाईंनी प्रशिक्षणं केली नाहीत असं नाही. प्रमाणपत्रांची फाइल चांगली जाड आहे. त्या फाइलमध्ये हे एक वाक्य नव्हतं. ते त्यांना नोकरी जाण्याच्या भीतीने आणलेल्या गाइडात सापडलं, तेही चुकून.

म्हणून मला परीक्षा रद्द करा असं म्हणायचं नाही, आणि परीक्षा घेतली म्हणजे झालं असंही म्हणायचं नाही. या माणसांना शिकायचंय. त्यांना शिकवणारं कोणी हवंय. आपण त्यांच्याकडे तपासणारे पाठवतोय.

काही नवीन उभारावं लागतं का? अजिबात नाही. जिल्ह्याला शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे. लोक तिला 'डायट' म्हणतात. केंद्रपातळीवर शिक्षण परिषदा भरतात. दहा-पंधरा शाळांचे शिक्षक एकत्र येतात, स्वागत होतं, नारळ फुटतो, वरून आलेल्या सूचना वाचून दाखवल्या जातात, चहा होतो, फोटो जातो. त्या दिवसातले तीन तास नुसत्या अभ्यासाला द्या. ज्या बाईंना भूमिती येते त्यांनी भूमिती घ्यावी, ज्या सरांचं इंग्रजी पक्कं आहे त्यांनी इंग्रजी. बालमानसशास्त्राला डायटचा माणूस यावा आणि गाइड वाचून दाखवू नये.

नारळ आणि फोटो वगळले तर खर्चसुद्धा कमी होईल.

रजेचं काय? नियमांच्या पुस्तकात अभ्यास रजा आहे. दोनशिक्षकी शाळेत ती मागायची कशी? एक गेला की चार वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. म्हणून शिक्षक मागत नाही, आणि मग कार्यालय म्हणतं की मागणीच नाही. परीक्षेआधी पंधरा दिवसांची रजा आणि त्या काळापुरता बदली शिक्षक, एवढं तरी द्या. गावोगाव डी.एड. झालेली, टीईटी पास झालेली तरुण पोरं भरतीची वाट बघत बसलीत. त्यांना पंधरा दिवसांचा वर्ग मिळेल, गुरुजींना पंधरा दिवसांचा अभ्यास.

हे सुचायला समिती लागते का?

आणखी एक. या परीक्षेची तारीख आधी कळू द्या. मुदत दोन वर्षांची असेल आणि परीक्षा कधी होणार ते अनिश्चित असेल, तर माणूस अभ्यास करत नाही, अफवा ऐकतो. टीईटीचं प्रमाणपत्र २०२१ पासून आयुष्यभर चालतं. सात वर्षांची अट गेली. म्हणजे एकदा पास झालं की सुटलं. मग त्या एकदासाठी जास्तीत जास्त संधी द्यायला हरकत कोणाची आहे?

पालकांनाही एक सांगायचंय. गुरुजी परीक्षेला बसणार म्हटल्यावर गावात हसू झालं. चावडीवर, व्हॉट्सअ‍ॅपवर. "मास्तर नापास झाला तर?" हा विनोद ज्यांनी केला, त्यांच्यातल्या किती जणांनी शाळा सोडल्यावर एक पुस्तक उघडलंय? पन्नाशीचा माणूस पुन्हा पेन्सिल हातात घेतो, चुकतो, खोडतो, मुलीला विचारतो, हे पोरांनी बघितलं तर शाळेत दहा वर्षं सांगून कळणार नाही ते त्यांना कळेल. हसून ते घालवू नका.

आणि गुरुजींनो, लाजू नका. वर्गात सांगा की माझी परीक्षा आहे. पोरांना तुमचा पाढा घेऊ द्या.

बाईंना परवा पुन्हा फोन केला. अभ्यास कुठवर आला, विचारलं.

"नऊला बसले होते," त्या म्हणाल्या. "सव्वानऊला ग्रुपवर मेसेज आला. शौचालयांचे फोटो, तारीख-वेळ दिसेल असे, उद्या दहाच्या आत. मग जुने फोटो शोधत बसले. अकरा वाजले."

साहेब, ते फोटो दुपारीही मागता येतात. रात्री आठनंतर शिक्षकांच्या ग्रुपवर मेसेज टाकू नका. त्याला शासन निर्णय लागत नाही, निधी लागत नाही. आज रात्रीपासून करा.